सनदी चाचा : कादंबरीतला आणि इतिहासातला

समुद्र कधी न पाहिलेल्या गावातसुद्धा समुद्रावरच्या साहसाची गोष्ट सांगायला बसा, पारावर माणसे जमतील. शिडांची जहाजे, तोफांचा गडगडाट, कैदेतून निसटलेला नायक आणि त्याच्या मागावर असलेला दुष्ट सरदार, एवढी सामग्री असली की लहानमोठे सारेच कान टवकारतात. अशाच एका गोष्टीची, आणि तिच्यामागे असलेल्या खऱ्या इतिहासाची, आज आपल्याला ओळख करून घ्यायची आहे.

गोष्ट आहे ‘कॅप्टन ब्लड’ या इंग्रजी कादंबरीची. ती १९२२ साली प्रसिद्ध झाली. तिचा लेखक राफेल सबातिनी. हा १८७५ साली इटलीत जन्मला. बाप इटालियन, आई इंग्रज, आणि दोघेही संगीत नाटकांत गाणारे. सबातिनीला कितीतरी भाषा येत होत्या, पण कादंबऱ्या लिहिल्या त्या आईच्या भाषेत. हरिभाऊ आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हा प्रकार काही नवा नाही. काळ खरा, राजे खरे, लढाया खऱ्या, आणि त्यांच्यामधून वाट काढणारा नायक मात्र कल्पनेतला.

आधी कथा थोडक्यात पाहू. पीटर ब्लड हा आयर्लंडचा वैद्य. तरुणपणी लढायांत भाग घेऊन झालेला, आता इंग्लंडातल्या ब्रिजवॉटर गावी शांतपणे राहणारा. कादंबरी उघडते तेव्हा गावातले लोक हाताला लागेल ते हत्यार घेऊन राजाविरुद्धच्या बंडात सामील व्हायला धावत आहेत, आणि हा गृहस्थ खिडकीतल्या फुलझाडांची निगा राखीत स्वस्थ उभा आहे. बंडाशी त्याचे काही देणेघेणे नाही. पण बंड मोडते, आणि एका जखमी बंडखोराला मलमपट्टी केल्याच्या आरोपावरून वैद्यालाच पकडून नेतात. न्यायाधीश फाशीची शिक्षा सांगतो. पुढे फाशीऐवजी त्याला वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर पाठवून गुलाम म्हणून विकतात. किंमत किती? दहा पौंड! विकत घेणारा कर्नल बिशप हा उसाच्या मळ्यांचा क्रूर मालक. त्याची पुतणी अरॅबेला मात्र दयाळू.

पुढे काय होते ते तुमच्या ध्यानात आलेच असेल. एके दिवशी स्पेनचे एक जहाज बेटावर हल्ला करते, त्यावरचे लोक लुटीच्या आनंदात बेसावध असतात, आणि रात्रीच्या अंधारात ब्लड आणि त्याचे सोबती तेच जहाज ताब्यात घेऊन निसटतात. वैद्याचा कप्तान होतो. जहाजाला नाव देतो ‘अरॅबेला’. स्पेनच्या जहाजांना आणि शहरांना तो दरारा बसवतो. पण जिच्यासाठी जीव झुरतो ती अरॅबेला त्याला तोंडावर चोर आणि चाचा म्हणते. ते शब्द त्याच्या काळजात रुततात. मधल्या काळात तो इंग्लंडच्या राजाची सनद घेतो, ती सोडतो, फ्रान्सच्या चाकरीत जातो. शेवटी राज्य पालटते, इंग्लंडच्या गादीवर नवा राजा येतो, ब्लड जमैकाचे बंदर शत्रूपासून वाचवतो, आणि त्याच बेटाचा गव्हर्नर होतो. ज्या बिशपने त्याला दहा पौंडांना विकत घेतले, तोच आता कैदी होऊन त्याच्यापुढे उभा राहतो.

कथा झकास आहे यात शंका नाही. १९३५ साली तिच्यावर निघालेला बोलपटही फार गाजला. पण आज आपल्याला एक प्रश्न विचारायचा आहे. समुद्रावर लूट करणाऱ्याला आपण चाचा म्हणतो. मग अरॅबेलाने ज्याला चाचा म्हटले, तोच माणूस राजाची सनद हातात घेतली की सरदार कसा होतो? माणूस तोच, जहाज तेच, तोफाही त्याच. मग बदलले काय?

बदलला तो कागद. त्या काळी युरोपातल्या राजांजवळ आजच्यासारखे मोठे आरमार नसे. युद्ध तर करायचे, पण खर्च झेपत नाही. तेव्हा राजा खाजगी जहाजमालकाला एक सनद लिहून देई. त्या सनदेचा अर्थ असा, की अमुक राष्ट्राशी आमचे युद्ध चालू आहे, त्या राष्ट्राची जहाजे तुम्ही खुशाल पकडा. जहाज तुमचे, माणसे तुमची, दारूगोळा तुमचा. पकडलेले जहाज बंदरात आणायचे, आरमारी न्यायालयापुढे ठेवायचे. ते खरोखर शत्रूचेच आहे असा निवाडा झाला म्हणजे माल विकायचा, आणि राजाचा व अधिकाऱ्यांचा हिस्सा देऊन उरलेले आपसात वाटून घ्यायचे. अशा माणसाला इंग्रजीत ‘प्रायव्हेटियर’ म्हणतात. आपण त्याला सनदी चाचा म्हणू. ही सनद जवळ असली तर तो राजाचा योद्धा. नसली, किंवा तिची मुदत संपली, किंवा दूर युरोपात तह झाला आणि त्याला पत्ताच नाही, तर तोच माणूस फाशीला लायक. गंमत पाहा, सनदी चाच्याच्या खलाशांना बहुधा पगारच नसे. लूट मिळाली तर वाटा, नाही तर हात हलवीत परत.

कॅप्टन ब्लडची गोष्ट सबातिनीने सगळीच मनाने रचलेली नाही. तिच्या मुळाशी दोन खरी माणसे दिसतात. एक वैद्य आणि एक सनदी चाचा. आधी वैद्याकडे वळू.

१६८५ साली इंग्लंडच्या गादीवर दुसरा जेम्स आला. आपल्याकडे तेव्हा छत्रपती संभाजी महाराजांचा काळ होता. जेम्सचा पुतण्या, मन्मथचा ड्यूक, गादीवर हक्क सांगत ११ जूनला इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. त्याच्याभोवती जमले ते बहुतेक विणकर, कारागीर, शेतकरी. ६ जुलैच्या पहाटे सेजमूर येथे लढाई झाली आणि तिथे या अप्रशिक्षित फौजेचा पुरा मोड झाला. ड्यूकचे डोके उडवले गेले. मग न्यायाधीश जेफ्रीज गावोगाव न्यायासन मांडीत फिरला. शेकडोंना फाशी झाली, आणि सुमारे साडेआठशे माणसांना वेस्ट इंडीजच्या बेटांवर पाठवून दिले. तिथे त्यांनी १० वर्षे सक्तीची मजुरी करायची होती. हे कैदी राजाने आपल्या मर्जीतल्या लोकांना वाटून टाकले आणि त्यांनी ते विकून पैसा केला.

या कैद्यांत हेन्री पिटमन नावाचा एक शल्यवैद्य होता. बंडाच्या फौजेत त्याने जखमींची शुश्रूषा केली, हा त्याचा गुन्हा. त्याच्या भावालाही तीच शिक्षा झाली. घरच्यांनी दोघांच्या सुटकेसाठी एका मध्यस्थाला ६० पौंड मोजले. बेटावर उतरताच मोकळे करू, असे वचन मिळाले. पण बार्बाडोसला पोचल्यावर कसले वचन आणि कसले काय! पिटमनला विकत घेतले रॉबर्ट बिशप नावाच्या माणसाने. होय, कादंबरीतल्या दुष्ट मालकाचे आडनाव सबातिनीने इथूनच उचललेले दिसते.

या खऱ्या बिशपकडे पिटमनला वैद्यकीचे काम होते. पण खाणे निकृष्ट. शेवटी एक दिवस पिटमनने सांगितले, धड अन्न मिळाल्याशिवाय मी काम करणार नाही. बिशपने काठी मोडेपर्यंत त्याला मारले, आणि मग बाराहून अधिक तास भर उन्हात खोड्यात अडकवून ठेवले. पुढे बिशप कर्जात बुडाला. त्याने पिटमनची किंमतही चुकती केलेली नव्हती, म्हणून न विकल्या गेलेल्या मालासारखा पिटमन पुन्हा व्यापाऱ्यांकडे परत आला. भाऊ तर त्या बेटावर वारलाच.

मे १६८७ मध्ये पिटमनने मूठभर सोबती जमवले आणि एका लहानशा उघड्या होडीतून रात्री पळ काढला. बेटाचा गव्हर्नर त्या वेळी दुसऱ्या बेटावरून आलेल्या पाहुण्याच्या मेजवानीत गुंतलेला होता. होडीत पाणी शिरत होते, ते उपसत उपसत हे लोक दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळच्या एका ओसाड बेटाला लागले. तिथे त्यांना आधीच उतरलेले सनदी चाचे भेटले. ते म्हणाले, आमच्यात सामील व्हा. यांनी नकार दिला. तेव्हा त्यांनी यांची होडी जाळून टाकली. पिटमन त्या बेटावर काही महिने अडकून पडला. समुद्री कासवांच्या मांसावर त्याने दिवस काढले. अखेर दुसऱ्या एका जहाजाने त्याला उचलले, आणि न्यूयॉर्क, मग हॉलंड, असा प्रवास करीत तो घरी पोचला. १६८९ साली त्याने आपली कहाणी छापून प्रसिद्ध केली.

कादंबरीतला ब्लड आणि खरा पिटमन यांत केवढे अंतर आहे! ब्लड शत्रूचे लढाऊ जहाज जिंकून निघतो, पिटमन गळक्या होडीतून. ब्लड चाच्यांचा पुढारी होतो, पिटमनची होडी चाचे जाळतात. पण श्रोतेहो, माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट याहून वेगळी आहे, आणि ती पिटमनने स्वतःच लिहून ठेवली आहे. त्या बेटावरच्या चाच्यांजवळ अमेरिकेतला एक मूळ रहिवासी कैदी होता. गोरे लोक या रहिवाशांना ‘इंडियन’ म्हणत. मासे मारण्यात तो उपयोगी पडेल म्हणून पिटमनने त्याला चाच्यांकडून विकत घेतले. किंमत स्पॅनिश चांदीची ३० नाणी. विचार करा, स्वतः विकला गेलेला, मार खाल्लेला, पळून आलेला माणूस. त्याच्या खिशात पैसे आले, आणि त्याने पहिल्या संधीला दुसरा माणूस खरेदी केला! आणि हे त्याने लपवले नाही. त्यात लपवण्यासारखे काही आहे असे त्याला वाटलेच नाही.

आता दुसरा खरा माणूस, हेन्री मॉर्गन. हा वेल्सचा. जमैका बेट १६५५ साली इंग्रजांनी स्पेनकडून जिंकले, आणि स्पेन ते परत घेईल ही धास्ती कायम होती. तेव्हा तिथल्या गव्हर्नरांनी लुटारूंनाच जवळ केले आणि सनदा वाटल्या. मॉर्गन त्यांतला सर्वांत नामांकित. १६६८ साली त्याने पोर्तोबेलो शहर लुटले. १६६९ साली माराकाइबो. तिथे एक कठीण प्रसंग आला. सरोवरातून बाहेर पडण्याची वाट अरुंद, आणि ती स्पेनच्या तीन युद्धनौकांनी व किल्ल्याच्या तोफांनी अडवलेली. मॉर्गनने एक जहाज ज्वालाग्राही पदार्थांनी भरले, ते शत्रूच्या मोठ्या जहाजाला भिडवले आणि पेटवून दिले. मग किल्ल्याची पाळी. होड्यांमधून माणसे किनाऱ्यावर नेल्याचा देखावा केला. परत येताना तीच माणसे होडीत आडवी पडलेली. किल्ल्यातल्या शिपायांना वाटले, रात्री जमिनीवरून हल्ला होणार. त्यांनी तोफा त्या बाजूला वळवल्या, आणि मॉर्गन समुद्राच्या बाजूने निसटला. ही युक्ती सबातिनीने जशीच्या तशी कॅप्टन ब्लडच्या नावावर टाकली आहे.

जानेवारी १६७१ मध्ये मॉर्गनने पनामा शहर घेतले. पण त्याआधीच, जुलै १६७० मध्ये, इंग्लंड आणि स्पेन यांचा माद्रिदचा तह झालेला होता. म्हणजे सनदेतला जीव गेला होता. स्पेनने कांगावा केला. सनद देणाऱ्या गव्हर्नरला लंडनच्या किल्ल्यात कैदेत टाकले, आणि मॉर्गनलाही १६७२ साली इंग्लंडला नेले. पण फाशी दूरच राहिली. १६७४ साली राजाने त्याला ‘सर’ ही पदवी दिली आणि जमैकाचा उपगव्हर्नर करून परत पाठवले! पुढे त्याने चाच्यांना पकडण्याचेही काम केले.

मॉर्गनच्या मोहिमांत भाग घेतलेल्या एक्सक्वेमेलिन नावाच्या माणसाने १६७८ साली डच भाषेत या चाच्यांवर एक पुस्तक लिहिले. त्याची इंग्रजी भाषांतरे निघाली. त्यांत मॉर्गनच्या क्रौर्याची वर्णने होती. शिवाय आणखी एक गोष्ट होती, की मॉर्गन तरुणपणी बार्बाडोसला नोकर म्हणून विकला गेला होता. मॉर्गन संतापला. त्याने प्रकाशकांवर फिर्याद केली, १६८५ साली जिंकली आणि भरपाई वसूल केली. प्रकाशकाने खुलासा छापला, की सर हेन्री हे कुलीन घराण्यातले असून राजाखेरीज कोणाचेही चाकर कधी नव्हते. बघा बरं, लुटारू म्हटल्याची बोच असेलही, पण ‘विकला गेलेला माणूस’ हा शिक्का तर त्याला मुळीच सोसवेना. आणि त्याच १६८५ साली पिटमन आणि त्याच्यासारखी शेकडो माणसे विकली जाण्यासाठी जहाजात बसत होती.

एक्सक्वेमेलिनच्या पुस्तकात या मंडळींचे करार कसे असत तेही दिले आहे. ते ऐकण्यासारखे आहे. मोहिमेवर निघण्यापूर्वी सगळे एकत्र बसत आणि अटी ठरवीत. लूट मिळाली तरच वाटा. कप्तानाला अधिक वाटे, वैद्याला औषधांच्या पेटीसाठी वेगळी रक्कम. आणि जखमी झालेल्यांना भरपाई! उजवा हात गेला तर ६०० नाणी किंवा ६ गुलाम. डावा हात किंवा उजवा पाय गेला तर ५०० नाणी किंवा ५ गुलाम. डावा पाय ४०० नाणी किंवा ४ गुलाम. एक डोळा गेला तर १०० नाणी किंवा १ गुलाम. बोटालाही तेच.

पुष्कळ लेखक हा करार दाखवून सांगतात, की पाहा, राजेशाहीच्या काळात या चाच्यांत केवढी समता होती! जखमींची काळजी होती, वाटणी ठरलेली होती, कप्तानही नियमाला बांधलेला होता. ते खोटे नाही. राजाच्या आरमारात सामान्य खलाशाला इतकी भरपाई मिळत नसे. पण त्याच करारात एका डोळ्याची किंमत एक माणूस अशी लिहिली आहे. समता होती ती सही करणाऱ्यांची. ज्यांना नाण्यांसारखे मोजले, त्यांना सहीला कोणी बोलावले नव्हते.

हे गुलाम कोण आणि ही सारी झुंबड कशासाठी? उत्तर आहे साखर. आपल्याकडे ऊस आणि गूळ कोणाला सांगायला नको. १६४० नंतर बार्बाडोसमध्ये उसाची लागवड झपाट्याने वाढली. ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो, नाही तर रस बिघडतो. म्हणजे हंगामात रात्रंदिवस चरक चालू, कढया चालू. हे काम आपखुशीने करायला कोण जाणार? आधी इंग्लंडातले गरीब लोक करारावर आणले. मग आफ्रिकेतून माणसे धरून आणून विकू लागले. पिटमन तिथे पोचला तेव्हा बार्बाडोसमध्ये आफ्रिकी गुलामांची संख्या गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक झालेली होती. पिटमनची शिक्षा १० वर्षांची होती. आफ्रिकेतून आणलेल्या माणसाची जन्माची, आणि त्याच्या लेकरांचीही. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला, आणि पुरती सुटका १८३८ साली झाली. मॉर्गनने लुटीचा पैसा कशात घातला? जमैकातल्या मळ्यांत. १६८८ साली तो वारला तेव्हा त्याच्या मालमत्तेच्या यादीत शंभराहून अधिक गुलाम होते.

कॅप्टन ब्लडच्या कादंबरीत आफ्रिकेतली ही माणसे नाहीत असे नाही. ती आहेत, पण मागच्या पडद्यावर रंगवल्यासारखी. दुःख सांगितले जाते ते विकल्या गेलेल्या गोऱ्याचे. निसटतो तोही गोराच. ‘अरॅबेला’ जहाज दूर जाते, वाचकाला सुटल्याचा आनंद होतो, आणि मळ्यात मागे राहिलेल्यांचे दुसऱ्या दिवशी सकाळी काय झाले हे विचारायचे त्याच्या मनातही येत नाही.

सनद आणि चोरी यांच्यामधला हा कागदाचा पडदा आपल्या समुद्रावरही पोचला होता. विल्यम किड नावाच्या कप्तानाला १६९६ साली इंग्लंडच्या राजाची सनद मिळाली. चाच्यांना पकड आणि फ्रान्सची जहाजे धर, असे काम. खर्चात इंग्लंडातले बडे उमराव भागीदार. हा किड अरबी समुद्रात आला. १६९७ साली त्याचे जहाज कारवारला थांबले होते. जानेवारी १६९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्याजवळ त्याने ‘केदा मर्चंट’ नावाचे मोठे जहाज पकडले. त्यावर हिंदुस्थानातला रेशमी आणि सुती कापडाचा माल होता, व्यापारी आर्मेनियन होते, आणि मोगल दरबारातल्या बड्या माणसाचाही त्यात हात होता. जहाजाजवळ फ्रेंचांचा परवाना होता, म्हणून किडच्या मते ती कायदेशीर लूट. पण मोगल दरबार खवळला, ईस्ट इंडिया कंपनीचा व्यापार धोक्यात आला, आणि उमरावांनी हात झटकले. लंडनमध्ये खटला चालला तेव्हा ते फ्रेंच परवाने सापडेनात. २३ मे १७०१ रोजी किडला फाशी दिली. ते परवाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्याच सरकारी दप्तरात सापडले! ते दाखवले असते तर किड सुटलाच असता असे म्हणवत नाही, पण ज्या कागदावर माणसाचा जीव टांगलेला, तो कागद सरकारच्याच घरात पडून होता एवढे खरे.

आणि याच काळात कोकण किनाऱ्यावर आपले सरखेल कान्होजी आंग्रे होते. किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी मराठ्यांचे दस्तक घ्यावे, नाही तर जहाज धरले जाईल, असा त्यांचा नियम. यात नवे काय होते? पोर्तुगीज सुमारे दोनशे वर्षे हेच करीत आले होते, इंग्रजही आपले परवाने देत होते. पण आंग्र्यांचे दस्तक मानायला इंग्रज तयार नव्हते, म्हणून त्यांच्या पत्रांत कान्होजी हे चाचे ठरले. १७१७ साली विजयदुर्ग, १७१८ साली खांदेरी, १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाबा, असे तीन हल्ले इंग्रजांनी केले आणि तिन्ही फसले. मॉर्गनला ‘सर’ म्हणणाऱ्यांनी कान्होजींना चाचा म्हणावे, यावरून एवढे समजावे, की इतिहासात चाचा हा शब्द वाचला की आधी विचारायचे, हा शब्द कोणाच्या लेखणीतून आला? कान्होजींच्या हातात राज्याचा अधिकार होता, पण शिक्का छत्रपतींचा होता आणि वाचणारा इंग्रज होता.

सनदी चाचेगिरीचा शेवट १८५६ साली झाला. क्रिमियाचे युद्ध संपल्यावर पॅरिसला युरोपातल्या राष्ट्रांनी जाहीरनामा काढला आणि अशा सनदा यापुढे बंद असे ठरवले. अमेरिकेने त्यावर सही केली नाही, पण प्रथा हळूहळू नाहीशीच झाली. राष्ट्रांजवळ स्वतःची मोठी आरमारे आली होती. भाड्याच्या लुटारूंची गरज सरली होती.

आता शिक्षकबंधूंना आणि भगिनींना दोन शब्द. अशा कादंबऱ्या मुलांना देऊ नयेत असे मी म्हणत नाही. उलट जरूर द्याव्यात. सबातिनीच्या कादंबरीत एक खरी कळकळ आहे. जखमी माणसाला औषध देणे हा गुन्हा कसा, हा प्रश्न ती विचारते. न्यायासनावर बसलेला माणूस अन्यायी असू शकतो, हे ती मुलांना दाखवते. विकल्या गेलेल्या माणसाचा स्वाभिमान विकला जात नाही, हेही सांगते. असले संस्कार गोष्टीतून जितके उतरतात तितके पाठांतरातून उतरत नाहीत.

पण गोष्ट संपली की वर्गात तीन प्रश्न विचारावेत. पहिला, नायकाच्या हातातला कागद कोणी दिला, आणि त्यात देणाऱ्याचा वाटा किती? दुसरा, नायकाला चोर कोण म्हणते आणि वीर कोण म्हणते? आणि तिसरा, या गोष्टीत असे कोण आहे की ज्याला बोलायला एकही वाक्य मिळालेले नाही? हे प्रश्न विचारल्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही. मुले पुन्हा पुस्तक उघडतात, आणि मागच्या पडद्याकडे प्रथमच नीट पाहतात. हेच प्रश्न आपल्या बखरींना आणि पोवाड्यांनाही लावून पाहावेत. किल्ला कोणी जिंकला हे पोवाडा सांगतो. किल्ल्यावर दगड कोणी वाहिले, हे आपणच विचारायला हवे.

कादंबरीतला पीटर ब्लड गव्हर्नर झाला. हेन्री मॉर्गन ‘सर’ झाला. हेन्री पिटमन घरी पोचला आणि त्याची कहाणी छापून निघाली, म्हणून तर आज ती आपल्याला ठाऊक आहे. पण ज्याला ३० नाण्यांना त्या ओसाड बेटावर विकले, त्या माणसाने मारलेले मासे खाऊन ही मंडळी जगली. त्याच्याही मागे कुठेतरी घर होते, त्याचीही वाट कोणी पाहत असेल. त्याची कहाणी कोणी छापली नाही. पिटमनच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला आली ती एक किंमत. इतिहास शिकवताना निदान त्या किमतीपाशी क्षणभर थांबावे, एवढीच विनंती.